न्हाणीवरचा माड

१

“…आणि त्या माडावर जो चढतो ना, तो उतरतच—”

एवढंच माझ्या कानावर आलं. मी विहिरीशी पोचले आणि मारेवेने जीभ आवरली. तिच्यासमोर तिची जाऊ उभी होती. तिने घाईघाईने रिकामी बादलीच डोक्यावर घेतली.

“कोण उतरत नाही ग?” मी विचारलं.

“कोंबडी,” मारेवे म्हणाली. “आमची कोंबडी. माडावर चढून बसते.”

“कोंबडी माडावर चढते?”

“हल्लीच्या कोंबड्या, तेकारेई. काय सांगायचं!”

जाऊ फिस्सकन हसली आणि दोघी चालू लागल्या. मी पाणी काढत राहिले, पण डोकं तापलं होतं. या गावात मला कळल्याशिवाय कोणाच्या चुलीवर मासा चढत नाही. माझा नवरा बाउरो म्हणतो, आमच्या हिचं नाक घरात आधी शिरतं, ही मागाहून येते. म्हणू दे. पण माझ्या तोंडावर गोष्ट गिळली म्हणजे ती माझ्या शेजारची असणार, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. आणि माझ्या शेजारी घर एकच. मिशनचं.

त्या घरात लितिया राहायची. तेवीस वर्षांची पोर, फिजीच्या डोंगरातली. तिच्या चर्चने तिला दोन वर्षांसाठी आमच्या बेटावर धाडलं होतं, त्यातले सहा महिने झाले होते. आली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं. शाळेतली पोरं तिला पाण्यात उतरताना बघायला किनाऱ्यावर जमायची, जशी जहाज बघायला जमतात. मासा साफ करायला बसली की अर्धे खवले हिच्या केसांत. पण कामाला वाघीण. पहाटे उठून घंटा बडवायची. घंटा म्हणजे फांदीला टांगलेली गॅसची रिकामी टाकी. मग पोरांना अक्षरं शिकवायची, दुपारी बायकांना हातमशीनवर शिवण, मग सायकल काढून आजाऱ्यांकडे. म्हाताऱ्या तिमोनच्या पायाची जखम धुवायला त्याच्या सख्ख्या सुना नाक मुरडत. ही गुडघे टेकून धुवायची. दिवस बुडायला लागला की दोन बादल्या घेऊन न्हाणीत शिरायची, आणि केस पुसत माझ्या ओट्यावर येऊन बसायची.

“मावशी, आज काय शिजवलंस?”

दोन महिन्यांत आमची भाषा बोलू लागली होती, चुकत, न लाजता.

मला मुलगी नाही. एवढं सांगितलं की पुरे.

२

त्याच संध्याकाळी ती केस न पुसताच आली. पाणी पाठीवरून ठिबकत होतं.

“मावशी, माझ्या माडावरचा माणूस गात का नाही?”

मी निखाऱ्यावर नीरफणस भाजत होते. “कुठला माणूस?”

“न्हाणीवरच्या माडावरचा. बाकी सगळे गातात. बाउरोकाका तर केवढ्या मोठ्याने गातात.”

“तो गात नाही, रेकतो,” मी म्हटलं, आणि मग तिच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं.

आमच्याकडे माडी काढणारा दिवसातून दोनदा माडावर चढतो, उगवतीला आणि मावळतीला. वर पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, तासायची, भरलेलं भांडं सोडवायचं, रिकामं बांधायचं. आणि चढल्यापासून उतरेपर्यंत गायचं. गळा असो नसो. खाली बायका न्हात असतात, लेकरांना पाजत असतात. डोक्यावर पुरुष आहे हे त्यांना कळायला नको? तो गातो म्हणजे तो सांगतो, मी इथे आहे, माझं लक्ष माझ्या पोईत आहे. मग खालच्यांनीही मान वर करायची नाही. गाणाऱ्याकडे बघणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. आणि वर चढून जो गात नाही, तो चोर, नाहीतर चोराहून वाईट. लितियाच्या डोंगरात माडी कोणी काढत नाही. तिला वाटलेलं, असेल बिचारा मुका.

“त्या माडाची माडी कोणी काढत नाही,” मी म्हणाले. “अकरा वर्षं झाली.”

“काढतात, मावशी. मी आले तेव्हापासून ऐकते. वर तासल्याचा आवाज येतो. खर्र, खर्र. थांबतो. परत खर्र.” तिने बोटाने हवेत सावकाश तासून दाखवलं. “आणि आता तीन आठवडे झाले, श्वासही ऐकू येतो. मी साबण लावते तेव्हा जोरात. मी थांबले की तोही थांबतो.”

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला.

“न्हाऊन झालं की मी कपडे करून उभी राहते. म्हटलं, तो उतरू दे, मग निघू. तो उतरत नाही. अंधारून येतं, मग मीच पळत सुटते.”

“आणि हे तू आज सांगतेस?”

“काबुनारेआजोबांना सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात. ते म्हणाले, मुली, वर बघू नये.”

काबुनारे म्हणजे आमच्या गावच्या जाणत्यांमधला सगळ्यात जाणता. मिशनला ती जागा त्यानेच दाखवली होती. हिच्याआधी दोन मुली त्या घरात येऊन गेल्या. एक चार महिन्यांत परतली, दुसरी तीन महिन्यांत. हवा मानवली नाही, असं सभाघरात सांगितलं गेलं, आणि आम्ही बायकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली होती. नीरफणस एका बाजूने कोळसा झाला तरी मी तशीच बसून होते, आणि मला राग नक्की कोणाचा येतोय ते ठरत नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ती शाळेत असताना, मी न्हाणीत जाऊन उभी राहिले.

न्हाणी म्हणजे चार खांब आणि विणलेल्या झावळ्यांचे तट्टे. वर आभाळ. खाली पोवळ्याची पांढरी खडी, एक पाट, एक साबण. माड तट्ट्याच्या मागे, झुडपांच्या बाजूला उगवलेला, पण वाकून असा आलेला की त्याचा शेंडा थेट पाटावर येतो. त्या पाटावर बसलं की डोक्यावर छत्री धरल्यासारखं वाटतं.

खोडाच्या खाचा जुन्या होत्या. त्यांच्यावर शेवाळ धरलेलं. मी म्हटलं, बघ, कोणी चढत नाही. मग फिरून झुडपांच्या बाजूला गेले. तिकडच्या खाचांमधलं शेवाळ खरवडलेलं होतं. ताजं. पायाच्या अंगठ्याने.

मला हायसं वाटलं, खरंच सांगते. अंगठा आहे म्हणजे माणूस आहे. माणूस आहे म्हणजे त्याचं थोबाड आहे, आणि माझ्याकडे चप्पल आहे.

मग वर टप् झालं.

मी मान उचलली. पोईखाली भांडं बांधलेलं होतं आणि त्यात माडी गळत होती. टप्. खूप वेळाने परत, टप्. काठावर माशा बसलेल्या. मी माडी काढणाऱ्याची बायको आहे, चोवीस वर्षं तिची काकवी आटवतेय. पोय दोन दिवस तासली नाही तर तिचं तोंड मिटतं आणि ती सुकते. ही गळत होती, म्हणजे कोणीतरी रोज दोन वेळा, न चुकता, तिथे बसून तासत होतं. चोर एवढा नेमाचा नसतो. चोर भरलेलं भांडं पळवतो. तो पोय जपत नाही.

आणि ते भांडं करवंटी होती. काथ्याच्या दोरीने बांधलेली. आता आमच्यात सगळे प्लास्टिकच्या बाटल्या लावतात, नायलॉनच्या दोरीने. करवंटी मी शेवटची कधी बघितली ते मला आठवेना.

संध्याकाळी बाउरोला विचारलं. हा माणूस झोपेतही बडबडतो. तो म्हणाला, “नाबुतीचा माड आहे तो. सोड.”

“नाबुती तर अकरा वर्षांपूर्वी समुद्रात गेला ना?”

“हो.”

“त्याची होडी तर किनाऱ्यावरच होती. त्याच होडीची फळी आपल्या ओट्याला लावलीयस तू.”

बाउरो माशाचे काटे काढत राहिला. सगळे काटे निघाले तरी बोटं काढतच होती.

“तेकारेई,” तो म्हणाला, “भात आहे का अजून?”

भात त्याच्या ताटात तसाच होता.

४

रविवारी उपासना झाल्यावर लितिया सभाघरात उठून उभी राहिली. मी तिला बजावलं होतं, आधी पुरावा, मग तोंड. पण ती कोवळ्या वयात होती, आणि तिला वाटायचं की खरं बोललं की पुरे.

म्हातारे आपापल्या खांबाला टेकून बसले होते. बायका कडेला. काबुनारेने तिचं सगळं ऐकून घेतलं. त्याचा आवाज फार गोड आहे. त्याची चीड यायची ती त्यामुळेच जास्त.

“मंडळी,” तो म्हणाला, “त्या माडावर कोणी गाताना ऐकलंय?”

कोणीच ऐकलेलं नव्हतं.

“मग वर कोणी नाही.”

झालं. माना हलल्या. गाणं नाही म्हणजे माणूस नाही. आमच्या गावात पुरुष न गाता माडावर चढतो असं म्हणणं म्हणजे गावातल्या एकूणएक पुरुषाच्या तोंडात शेण घालणं, आणि ते या परक्या पोरीने घातलं होतं.

“आणि न्हाताना वर बघायचंच कशाला म्हणतो मी?” मागून एक म्हातारा खाकरला. “बघितलं की दिसणारच कोणीतरी!”

सभाघर हसलं. लितिया उभीच होती. तिला शब्द कळले, हसणं का आलं ते कळायला क्षण लागला, आणि मग तिचा चेहरा असा झाला की मला उठून एकेकाची दाढी उपटावीशी वाटली.

“माडी काय आपोआप गळते?” मी कडेवरून ओरडले. “मी बघितलीय! टप टप गळतेय!”

“तेकारेई,” काबुनारे मायेने म्हणाला, “नाक आत घे, बाई. ऊन लागेल.”

परत हशा. एकच माणूस हसला नाही. रुतेरु, काबुनारेचा जावई. सासऱ्याच्या मागे बसून त्याची तंबाखू वळत होता. तिशीतला, गावातला सगळ्यात गोड गळा. त्याचं संध्याकाळचं गाणं किनाऱ्याच्या माडांवरून आलं की बायका चूल फुंकायच्या थांबत. तो मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, चला, एकाला तरी लाज आहे.

निकाल असा झाला: नऊ दिवसांनी राजधानीहून, तारावाहून, जहाज येईल, त्यातून लितियाला परत पाठवायचं. सोबत तिच्या चर्चला चिठ्ठी, की ही मुलगी गावच्या पुरुषांची बदनामी करते, आणि हिची नजर साफ नाही.

“मावशी, ती चिठ्ठी माझे बाबा मोठ्याने वाचतील,” तिथेच, सभाघराच्या पायरीवर ती मला म्हणाली. “आमच्या चर्चमध्ये येणारी चिठ्ठी तेच वाचून दाखवतात. सगळ्यांसमोर.”

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी तिचा हात धरून म्हटलं, चिठ्ठी जाणार नाही. माझ्या अंगात बळ नव्हतं, राग होता. पण रागावरही माणूस बरंच ओझं उचलतो.

५

माझा बेत सोपा होता. लितियाऐवजी मी न्हायचं.

मी तिची निळी लुंगी छातीशी बांधली, केस सोडले, तिचा साबण घेतला. तिला माझ्या स्वयंपाकघरात बसवलं. बाउरोला म्हटलं, “आज माडावर जाऊ नकोस. मी ओरडले की गाव गोळा कर.”

“जाऊ नको तू,” तो म्हणाला.

“का? मला बघून चोर पळून जाईल म्हणून?”

एरवी त्याने यावर चार दिवस पुरतील असे विनोद केले असते. तो म्हणाला, “नाबुती उतरला नाही तेव्हा आम्ही चौघं चढलो होतो. त्याला शोधायला.”

“समुद्रात शोधायचं सोडून?”

“मी अर्ध्यातून उतरलो.”

“का?”

“वर जागा नव्हती,” बाउरो म्हणाला, आणि उठून विनाकारण लाकडं रचू लागला.

चोवीस वर्षांचा संसार, आणि हे मला न्हायला निघताना कळतं! मी बादल्या उचलल्या. 

न्हाणीत ऊन नव्हतं, उजेड होता. मी पाटावर बसले. आजूबाजूच्या माडांवरून एकेक गाणं सुरू झालं. कोण कुठे आहे ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. न्हाणीवरचा माड तेवढा गप्प. मग किनाऱ्यावरून रुतेरुचं गाणं आलं. दोन कडवी झाली आणि संपलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हल्ली ते लवकर संपतं. तीन आठवडे झाले असतील.

एकेक करून सगळे आवाज खाली उतरले. ही वेळच अशी, पुरुष कामात, बायका चुलीपाशी, आणि वर बघायची कोणाला सवय नाही. मी अंगावर पाणी ओतलं. झुडपांत खसखस झाली. खोडावर पाय घासला. एक खाच, दुसरी, तिसरी. कोणीतरी चढत होतं, जपून, दम धरून. चढ बाळा, मी मनात म्हटलं. चांगला वरपर्यंत चढ.

झावळ्या हलल्या. स्थिर झाल्या. मग श्वास. लितियाने सांगितला होता तसाच. माझ्या डाव्या हाताला, वर.

मी साबण लावला. तोंड उघडून ओरडणार, एवढ्यात तासायचा आवाज आला.

खर्र.

तो उजवीकडून आला.

मी तशीच थांबले. म्हटलं, वारा असेल, आवाज फिरतो. वारा नव्हता. श्वास डावीकडे, भराभर. तासणं उजवीकडे, सावकाश, कसलेल्या हाताचं, प्रत्येक फटका मागच्याइतकाच. श्वास घेणाऱ्याची छाती धडधडत होती. तासणाऱ्याला श्वासच नव्हता.

माझ्या खांद्यावर काहीतरी पडलं. ओलं, पातळ, पांढरं. पोईची साल.

मी वर बघितलं. डाव्या बाजूच्या झावळीतून दोन तळवे लोंबत होते. मळके, भेगाळलेले, जिवंत. उजवीकडे मला बघवलं नाही. मी त्या तळव्यांवर सगळा जीव एकवटला आणि किंचाळले.

“उतर! उतर मेल्या, निलाजऱ्या, उतर खाली!”

६

बाउरोने खरंच गाव गोळा केलं. चाळीसएक माणसं तरी असतील. मी ओल्या लुंगीत, केसांना फेस, हातात पाट. लितिया माझ्या मागे.

रुतेरु उतरला. सासऱ्यासमोर, बायकोसमोर.

मी त्याच्या एक थोबाडीत दिली. मग दुसरी दिली. “या पोरीला जहाजावर चढवणार होता ना तुम्ही? चिठ्ठी देऊन? कुणाची नजर साफ नाही ते वाचा आता!” मी काबुनारेकडे वळून ओरडले.  त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो रुतेरुचे हात बघत होता.

हात रिकामे होते. कमरेला कोयती नाही. बाटली नाही, दोरी नाही.

“कोयती कुठे तुझी?” मी विचारलं.

“नाही आणली.” त्याचा तो गोड आवाज चिरकला होता. “कधीच नाही आणली. मी तासायला जात नव्हतो, मावशी. मी… मी बघायलाच जात होतो. चूक झाली.”

“मग तासत कोण होतं?”

रुतेरु लाजलेला दिसायला हवा होता. तो दमलेला दिसत होता, लांबून आल्यासारखा.

“पहिल्या दिवशी मी वर पोचलो तेव्हा परत फिरणार होतो,” तो म्हणाला. “पण तो सरकला. त्याने मला जागा—”

काबुनारेने त्याच्या तोंडावर हात दाबला. मारल्यासारखा नाही. भांडं उतू जाताना झाकण दाबतात तसा. आणि त्या क्षणी मला कळलं की या म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. पहिल्या मुलीच्या वेळी ठाऊक होतं, दुसऱ्या मुलीच्याही. जागा पडीक होती, कोणी राहायला तयार नव्हतं, म्हणून ती परक्यांच्या पोरींना दिली.

मी त्याला ते सुनावणार होते. तेवढ्यात वरून आलं.

खर्र.

चाळीस माणसांनी माना खाली घातल्या. गाणं नव्हतं, मग मान खाली घालायचं कारण काय? पण घातल्या. बाउरोनेही. मारेवे तर डोळे मिटून ओठ हलवत होती. पोईची एक साल गिरक्या घेत आली आणि खडीवर पडली, आमच्या सगळ्यांच्या मधोमध.

मला एवढा राग आला की मी वर बघितलं.

उजेड थोडा उरला होता. झावळ्यांच्या बेचक्यात, जिथे रुतेरुचे पाय होते, तिथे एक जागा रिकामी होती. तिच्या शेजारी एक हात होता. कोपरापर्यंतच दिसला. खोडाच्या रंगाचा, सुकलेला, आणि बोटं खूप लांब. त्या हातात कोयती नव्हती. तो त्या रिकाम्या जागेवर हलकेच थोपटत होता. आपण पाहुण्याला चटई थोपटून म्हणतो ना, ये, बस, तसं.

मी डोळे वळवले. किती वेळाने, ते माहीत नाही. खाली रुतेरु वर बघत होता, आणि त्याचा एक पाय खोडाच्या खाचेत होता. बाउरो, काबुनारे आणि मी, आम्ही तिघांनी त्याला ओढून नेलं.

७

चिठ्ठी गेली नाही. सभाघरात काबुनारेने स्वतःच्या हाताने फाडली. रुतेरुच्या घराला एक डुक्कर आणि दहा चटयांचा दंड झाला, आणि जी माणसं हसली होती ती एकेक करून लितियाच्या पाया पडून गेली. ती जहाजावर चढली नाही. म्हणाली, पोरांची अक्षरं अर्धी राहिलीत. पण राहायला ती माझ्याकडे आली. कोणी काही विचारलं नाही.

मी मात्र म्हटलं, माड तोडा. कुऱ्हाड घेऊन घरोघर फिरले. एकाची पाठ दुखत होती, एकाची कुऱ्हाड बोथट, एकाला जाळं विणायचं होतं. बाउरो म्हणाला, तोडू ग, बघू. मीच गेले आणि चार घाव घातले. पाचव्याला वरची झावळी जराशी वाकली, कोणी डोकावून बघावं तशी, आणि मी परत आले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो माड गायला लागला.

लितिया चुलीशी होती, मी ओट्यावर. सुरुवातीला मला काही वाटलंच नाही. सकाळची गाणी चालू होती, त्यात हेही एक. गोड, ओळखीचं. मी मनात म्हटलं, आज रुतेरुने बरं मनावर घेतलं. मग कळलं की आवाज किनाऱ्यावरून येत नाही. शेजारून येतोय. न्हाणीवरून.

आणि रुतेरु विहिरीपाशी उभा होता, हातात दोन बादल्या घेऊन. माझ्यापासून वीस पावलांवर. तोंड मिटलेलं. तो स्वतःचं गाणं ऐकत होता.

तासाभरात काबुनारे माझ्या ओट्याशी आला. तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला, “तेकारेई, पोरीची तक्रार काय होती? वरचा गात नाही. बरोबर? आता गातोय. गाणाऱ्याला आपण काही म्हणत नाही. तिला सांग, आपल्या घरी राहायला जा म्हणावं. मिशनचं घर रिकामं बरं दिसत नाही.”

 त्या गोड आवाजात तेवढी एक तार हलत होती. भीती होती ती. पण भीती आहे म्हणून मी कोणाला माफ करायला बसलेले नाही.

“तुम्ही न्हा त्याच्याखाली,” मी म्हटलं. “मी साबण देते.”

तो गेला. लितिया माझ्याकडेच आहे. मिशनचं घर रिकामं आहे, आणि पुढची पोर आली तर ती पहिली माझ्या ओट्यावरून जाईल, मग बघू कोण तिला तिकडे नेतं.

परवा विहिरीवर मी मारेवेला धरलं. म्हटलं, तू त्या दिवशी काय सांगत होतीस, पुरं कर. तिने इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं. त्या माडावर जो चढतो, तो उतरतच नाही.

खोटं आहे. रुतेरु उतरला, माझ्या डोळ्यांदेखत. तो जेवतो, मासे मारतो. उगवतीला आणि मावळतीला किनाऱ्याच्या आपल्या माडांवर चढतो, तोंड उघडतो, आणि तोंडातून काही येत नाही. खालच्या बायका आधी लुंगी सावरून पळायच्या; आता कळल्यावर नुसत्या थांबतात आणि न्हाणीच्या दिशेला कान देतात.

उतरला तो. फक्त किती उतरला, ते रोज दोन वेळा ऐकू येतं.